सर्व्हर बंद झाल्यावर हातात काय उरतं?

बिनतारी

ह्युमेन कंपनीची एआय पिन आठवतेय का कुणाला? शर्टावर लावायची, तळहातावर अक्षरं पाडणारी, फोनला घरी बसवणार म्हणून गाजलेली. एप्रिल २०२४ मध्ये बाजारात आली. ६९९ डॉलर रोख आणि वर महिन्याला २४ डॉलर वर्गणी. वर्ष भरायच्या आत, फेब्रुवारी २०२५ मध्ये, एचपीने कंपनीचा बराचसा ऐवज ११ कोटी ६० लाख डॉलरला घेतला आणि ग्राहकांना कळवलं गेलं की २८ तारखेला सर्व्हर बंद. मधे दहा दिवस. पैसे परत फक्त अगदी अलीकडे घेतलेल्यांना. एक सोय मात्र त्या सूचनेत आवर्जून सांगितली होती: ऑफलाइन चालणाऱ्या गोष्टी पुढेही चालतील, जसं की बॅटरी किती उरली ते दिसेल.

कशासाठी बघायची ती बॅटरी, ते नाही सांगितलं.

तेव्हापासून कुठल्याही नव्या 'स्मार्ट' यंत्राचं परीक्षण वाचताना मी एकच गोष्ट शोधतो आणि ती सहसा सापडत नाही. कॅमेरा, पडदा, आवाज, खोकं उघडतानाचे फोटो, सगळं असतं. इंटरनेटची तार काढून ठेवली तर हे यंत्र काय करतं, ते कुणी बघत नाही. माझ्या मते परीक्षणाची सुरुवातच तिथून व्हायला हवी. बाकीचे सगळे गुण कंपनीची मर्जी आहे तोवरचे.

एकाच घराण्यातली दोन उदाहरणं घ्या. रिव्हॉल्व्ह नावाचा हब होता, घरातले दिवे-कुलपं एका जागेवरून चालवणारा. २०१४ मध्ये नेस्टने ती कंपनी घेतली (नेस्ट तेव्हा गूगलकडे आलेलं होतं), विक्री थांबवली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला. ३०० डॉलरचा डबा, सेवा 'आजीवन' म्हणून विकलेली, एका दिवसात निकामी. आता नेस्टचेच घराचं तापमान सांभाळणारे पहिल्या-दुसऱ्या पिढीचे थर्मोस्टॅट बघा, २०११ आणि २०१२ चे. त्यांचा सपोर्ट २५ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अ‍ॅपमधून ते गायब झाले, फोनवरून तापमान बदलणं गेलं. पण भिंतीवरची गोल कडी फिरवली की तापमान बदलतं, आत भरून ठेवलेलं वेळापत्रकही चालतं. लोक दोन्ही वेळा चिडले, दुसऱ्या वेळी निदान कुणाचं घर गारठलं नाही.

थर्मोस्टॅटचं डोकं भिंतीवर होतं. रिव्हॉल्व्हमध्ये वस्तूंशी बोलायचे बिनतारी रेडिओ भरपूर होते, डोकं सगळं सर्व्हरवर. आडच बुजवल्यावर पोहऱ्यात काय येणार?

आणि कधीकधी कुणी काही बंद करायचं ठरवलेलंही नसतं. ९ मार्च २०२५ ला दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ (फोनवरचे व्हिडिओ-गाणी टीव्हीवर आणि स्पीकरवर पाठवणारी गूगलची यंत्रं) एकाएकी अडून बसले. फोन म्हणायला लागला, या यंत्राची खात्री पटत नाही. यंत्रात बिघाड शून्य. आत बसवलेल्या, यंत्राची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रांच्या साखळीतल्या एका प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत त्या दिवशी संपली, एवढंच. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. पण 'फॅक्टरी रीसेट करू नका' असं त्यांनी सांगेपर्यंत बऱ्याच जणांचं करून झालं होतं आणि त्यांचं निस्तरायला आणखी वेळ लागला.

तर तुमच्या घरातल्या कुठल्या वस्तू नेटशिवाय तग धरतात, कुठल्या हात वर करतात? अनुभव लिहा. 'मग घेऊच नका ना स्मार्ट वस्तू' हा सल्ला मला माहीत आहे, तो सोडून बोला.

*

खटपट्या

+१. फक्त चाचणी कशी करायची ते नीट सांगायला हवं होतं बिनतारीशेठ, कारण लोक राउटरच बंद करतात आणि मग सगळंच नापास होतं.

राउटर चालू ठेवा. त्यात बाहेरून येणारी इंटरनेटची तार तेवढी काढा. घरातलं वायफाय जिवंत राहतं. फोनचा मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर अ‍ॅप मागच्या दाराने सर्व्हरवर जाऊन येतं आणि तुम्हाला वाटतं वस्तू पास झाली. आता अ‍ॅपमधून दिवा लावा. लागला तर आनंद, पण तिथे थांबू नका. वस्तूची वीज काढून पुन्हा द्या. पुष्कळ यंत्रं एकदा सर्व्हरशी हातमिळवणी झालेली असली की काही तास गोड वागतात आणि खरा रंग पुन्हा चालू झाल्यावर दाखवतात. शेवटची पायरी म्हणजे नव्या फोनवर अ‍ॅप टाकून त्याच वस्तूला जोडायचा प्रयत्न. इथे नव्वद टक्के गारद. (आकडा माझ्या मनचा, हलके घ्या.)

स्मार्ट प्लगचं बघा. प्लग आणि फोन एकाच खोलीत, एकाच राउटरवर. तार काढली की अ‍ॅप म्हणतं 'यंत्र ऑफलाइन आहे'. अरे, हातभर अंतरावर आहे! पण आज्ञा आधी दूरच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून उलटी प्लगकडे येते. अशा प्लगवर निदान हाताने दाबायचं बटण असतं, म्हणून निभावतं.

*

रातकिडा

बटणावरून आठवलं. आमच्याकडे वजनकाटा होता. काचेचा, देखणा, वर आकडा दाखवायची पट्टीच नाही. डिझाइन म्हणे. उभं राहिलं की निळा ठिपका लुकलुकायचा आणि वजन फोनवर. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, ती आता नाही. अ‍ॅप एका अपडेटनंतर नव्या फोनवर उघडेना, मग स्टोअरमधूनच गेलं. काटा आजही बरोब्बर वजन करतो, ते तो कुणाला सांगत नाही. सासूबाई त्यावर उभ्या राहून ठिपका बघतात आणि "वाढलंय" म्हणतात.

*

पाऊणशहाणा

सगळे टाळ्या वाजवताहेत म्हणून विरोधी बाजू मांडतो.

सर्व्हर हवेवर चालत नाही. वस्तू एकदा विकली जाते, तिचा सर्व्हर दर महिन्याला पैसे खातो. नवी विक्री जोरात असते तोवर नव्या गिऱ्हाइकांच्या पैशांवर जुन्यांचा खर्च भागतो, विक्री मंदावली की हिशेब उलटतो. ही काही लबाडी नाही, गणित आहे. आणि कंपनीने खरी किंमत मागितली की हेच लोक अंगावर धावून जातात. विंक या स्मार्ट घराचे हब विकणाऱ्या कंपनीने मे २०२० मध्ये आठवडाभराची मुदत देऊन महिना पाचेक डॉलर वर्गणी मागितली, केवढा गदारोळ झाला! मुदत पुढे ढकलावी लागली. आता आठवड्याची मुदत हा उद्धटपणा होता, मान्य. पण पैसे मागणं हा गुन्हा कसा?

आपल्याला वस्तू स्वस्त हवी, वर्गणी नको, आणि सेवा यावच्चंद्रदिवाकरौ. तिन्ही एकदम कुठून आणायचं?

*

निळावंती

पाऊणशहाणा, गणित पटलं, पण मग ते खोक्यावर लिहा ना. खाण्याच्या पाकिटावर तारीख असते, औषधावर असते. 'या वस्तूला अमुक तारखेपर्यंत सांभाळू' एवढं छापलं तर किंमत महाग की स्वस्त ते माझं मी ठरवेन.

आणि हे स्वप्नरंजन नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदा लागू आहे: नेटला जोडलेली ग्राहकोपयोगी वस्तू विकताना सुरक्षा-अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील ते जाहीर करावं लागतं. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा त्याच्या पुढे जातो. वस्तूचं आयुष्यच त्याहून कमी नसेल तर किमान पाच वर्षं सपोर्ट, मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून. मेख अशी की दोन्हीकडे भर सुरक्षेवर आहे. अपडेट देत राहा, हे कायदा सांगतो. 'तुम्ही गेल्यावर वस्तू चालली पाहिजे' असं तो सांगत नाही.

*

जुनाट मॉडेम

सुरक्षेचा विषय निघालाच आहे म्हणून थंड पाण्याची बादली ओततो.

नेटशिवाय चालतं म्हणजे चांगलं, असं सरसकट समजू नका. २०१६ चं मिराय हे घातक सॉफ्टवेअर आठवा. कॅमेरे, डीव्हीआर, राउटर, असली घरोघरची यंत्रं त्याने ताब्यात घेतली. घुसला कसा? कारखान्यात ठेवलेले पासवर्ड. साठेक जोड्यांची यादी होती त्याच्याकडे, 'अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन' छापाची, ती एकेक लावून बघायचा. त्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन (Dyn) या, संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी ठिकाणं काही तास उघडेनात. त्यातली कित्येक यंत्रं सर्व्हरवर अवलंबून नव्हती, मस्त स्वतंत्र होती. मालकच नव्हता त्यांना कुणी.

म्हणजे अनाथ वस्तू दोन तऱ्हेच्या. एक जागच्या जागी मरते, ती फक्त मालकाला त्रास देते. दुसरी चालू राहते आणि अपडेट मिळत नाहीत, ती गावाला त्रास देते. घरात स्वतंत्र चालणारी वस्तू हवी असेल तर तिला बाहेर जायची वाट राउटरमधूनच बंद करा. पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क बहुतेक राउटरमध्ये असतं, निदान तिथे तरी टाका. ब्रिटनच्या त्याच कायद्याने सर्वांना सारखा ठेवलेला कारखान्याचा पासवर्डही बंद केला आहे, हे निळावंतीताईंच्या प्रतिसादात राहिलं.

*

अनवट

एवढ्या गंभीर धाग्यात गादीचा उल्लेख अजून कसा नाही? २० ऑक्टोबर २०२५ ला अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा कोलमडली तेव्हा एट स्लीपच्या गाद्या बिथरल्या. आत पाणी खेळवून गरम-गार होणारी, डोक्याची बाजू वर-खाली होणारी गादी ती. कुणाची तापत राहिली, कुणाची अर्धवट उठलेल्या अवस्थेत अडकली, आणि खाली करायचं बटण अ‍ॅपमध्ये. रात्री अंथरुणातून उठून सर्व्हर कधी येतोय त्याची वाट बघणं हा नवाच निद्रानाश. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली आणि लगोलग ब्लूटूथवरून चालणारी सोय आणली.

लगोलग. म्हणजे जमत होतं. मग आधी का नव्हती?

*

पाऊणशहाणा

अनवट, कारण आधी कुणी मागितली नव्हती. मी तेच म्हणतोय.

*

बिनतारी

नाही हो, इथे मी अडेन. न मागण्याचं कारण गिऱ्हाइकाला माहीतच नसतं हे आहे. गादी विकताना 'आमचा सर्व्हर पडला तर तुमचं डोकं वरच राहील' असं कुणी सांगितलं होतं?

सर्व्हरच्या खर्चाचं गणितही अर्धंच आहे. दिवा लावायची आज्ञा घरातल्या घरात गेली तर सर्व्हरचा खर्च मुळात लागतच नाही. ती बाहेर फिरवून आणायचं कंपनीनेच ठरवलं, कारण तसं बनवायला सोपं पडतं, सगळ्या वस्तूंचा कारभार एका जागेवरून चालतो आणि तुम्ही दिवा कधी लावता ही माहिती फुकटात हाती लागते. स्वतःच ओढवून घेतलेला खर्च नंतर वर्गणी म्हणून आमच्या माथी? व्हिडिओ साठवून ठेवणं, बोललेलं समजून घेणं, यांना सर्व्हर लागतो, तिथे वर्गणी द्यायला माझी ना नाही.

*

वाचनमात्र

प्रथमच प्रतिसाद देतोय, चूकभूल द्यावी घ्यावी. खोक्यावर 'मॅटर'ची खूण बघून घेतलं तर हा प्रश्न सुटतो का? दुकानदार ठासून सांगत होता की आता चिंता नाही.

*

खटपट्या

स्वागत! अर्धा सुटतो. मॅटर हे ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेलं मानक, अ‍ॅपल, गूगल, अ‍ॅमेझॉन, सॅमसंग सगळे एकत्र बसून केलेलं. त्यात वस्तू आणि तिला चालवणारं यंत्र घरातल्या नेटवर्कवरच बोलतात, हा पायाच आहे. त्यामुळे दिवा-प्लग बनवणारी कंपनी उद्या गेली तरी चालू-बंद, मंद-प्रखर एवढं चालत राहायला हवं.

पण खूण फक्त त्या मानकात बसणाऱ्या गोष्टींपुरती. प्लग किती वीज खातो त्याचा महिन्याचा तक्ता, दिव्याचे नाचरे रंग, असली कामं कंपनीच्या अ‍ॅपमध्येच राहू शकतात, आणि अ‍ॅप गेलं की ती गेली. शिवाय आज्ञा देणारं यंत्र कुणाचं, हा प्रश्न उरतोच. बोलून दिवा लावायची सवय असेल तर वस्तू घरची, कान बाहेरचे.

घेण्याआधी एक युक्ती करा. होम असिस्टंट नावाची मुक्तस्रोत प्रणाली आहे, २०१३ पासून चालू. ती वापरायची नसली तरी तिच्या संकेतस्थळावर जाऊन आपल्या वस्तूचं पान उघडा. प्रत्येक पानावर ती वस्तू कशी बोलते ते लिहिलेलं असतं: 'लोकल पुश', 'लोकल पोलिंग', 'क्लाउड पोलिंग' वगैरे. 'लोकल' (म्हणजे घरातल्या घरात) दिसलं की निम्मं काम झालं. विक्रेत्याच्या पानावर हे सहसा सापडणार नाही.

*

पाऊणशहाणा

आणि हे सगळं चालवायला घरात एक छोटा संगणक चोवीस तास चालू ठेवायचा, त्याचं अपडेट करायचं, बिघडला की शनिवार-रविवार त्यात घालवायचा. खटपट्यांना ते आवडतं, नावातच आहे. पण सर्व्हर कंपनीकडून काढून तुम्ही घरच्या एका माणसाकडे दिलात. तो माणूस परगावी गेला की बाकीचे अंधारात. नाकापेक्षा मोती जड.

*

खटपट्या

:) याला उत्तर नाही. म्हणून आमच्याकडे भिंतीवरची साधी बटणं एकही काढलेली नाहीत. दिवा आधी बटणाने लागला पाहिजे, मग बाकीची हौस.

*

रातकिडा

सगळाच अंधार नाही. पेबल घड्याळ बघा. डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीचा कारभार फिटबिटकडे गेला, जून २०१८ च्या अखेरीला सर्व्हर बंद. पण तोवर वापरणाऱ्यांनीच 'रेबल' नावाने पर्यायी सेवा उभी केली होती: हवामान, अ‍ॅपचं दुकान, बोलून उत्तर पाठवणं, सगळं. फिटबिट पुढे गूगलने घेतलं आणि जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पेबलच्या प्रणालीचा बहुतेक कोड खुला केला. मूळ संस्थापकाने त्यावर पुन्हा नवी घड्याळं काढली.

घरातले दिवे-स्विच चालवणाऱ्या इन्स्टिऑन कंपनीचंही तसंच. एप्रिल २०२२ मध्ये एका रात्रीत सर्व्हर गायब, ना पत्र ना सूचना. भिंतीवरचे स्विच एकमेकांशी थेट बोलणारे, त्यामुळे ते चालत राहिले, अ‍ॅप मेलं. जूनमध्ये वापरणाऱ्यांच्याच एका गटाने कंपनी विकत घेतली.

*

निळावंती

रातकिडा, या दोन्ही कथांत लोकांकडे वेळ होता, कारण घड्याळ किंवा दिवा थांबला तरी कुणाचं काही अडत नाही. आर्गस २ माहीत आहे? सेकंड साइट कंपनीचं डोळ्याच्या पडद्यावर बसवायचं रोपण. दृष्टी गेलेल्यांना प्रकाशाचे ठिपके दिसावेत म्हणून; चष्म्यावर कॅमेरा, कमरेला छोटा प्रोसेसर. जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांना बसवलेलं. २०१९ मध्ये कंपनीने ते गुंडाळायला घेतलं, २०२० मध्ये दिवाळखोरीच्या कडेला पोहोचली. चष्मा किंवा प्रोसेसर बिघडला तर दुरुस्त कुठे करायचा, हा प्रश्न घेऊन ती माणसं बसली. शस्त्रक्रिया करून काढणं धोक्याचं, ठेवलं तर पुढे एमआरआय करायची वेळ आल्यावर अडचण.

पाऊणशहाणांचं गणित इथे लावून बघा. मला जमत नाही.

*

पाऊणशहाणा

नाही लागत. शरीरात बसवायच्या वस्तूला वेगळा नियम हवा, आणि कंपनी बुडाली तर तांत्रिक कागदपत्रं तिसऱ्या कुणाच्या ताब्यात आधीच ठेवलेली हवीत. दिव्या-प्लगबद्दलचं मत मात्र कायम.

*

बिनतारी

हेच छोट्या वस्तूंनाही का लागू नसावं? सगळा कोड खुला करा असं मी म्हणत नाही. इतरांकडून घेतलेले भाग त्यात असतात, ते खुले करता येत नाहीत, समजतं. पण जाता जाता एक शेवटचा अपडेट देता येतो. गूगलने स्टेडिया ही खेळांची सेवा १८ जानेवारी २०२३ ला बंद केली तेव्हा आपल्याकडून घेतलेल्या उपकरणांचे आणि खेळांचे पैसे परत केले, वर कंट्रोलरला साधं ब्लूटूथ चालू करून घ्यायची सोय दिली. ज्यांनी ते करून घेतलं त्यांचा कंट्रोलर आज ब्लूटूथ असलेल्या संगणकाला जोडा, चालतो. म्हणजे मनात आणलं तर होतं.

विरुद्ध टोकाला स्पॉटिफायचं कार थिंग. गाडीत लावायचा छोटा पडदा, बाजूला मोठी गोल कळ. ९ डिसेंबर २०२४ ला बंद केला आणि आधी सल्ला काय, तर रीसेट करून ई-कचऱ्यात नीट टाका. ओरड झाल्यावर पावती दाखवणाऱ्यांना पैसे मिळाले. आणि हौशी लोकांनी त्यात स्वतःचं सॉफ्टवेअर घालून तो टेबलावरचा नियंत्रक म्हणून चालवूनही दाखवला.

*

वाचनमात्र

खटपट्या, आभार, पान सापडलं. एक शेवटचं विचारतो. फरशी झाडणारा रोबो घ्यायचा आहे. त्याचं काय बघू?

*

खटपट्या

अगदी नाजूक जागी बोट ठेवलंत. नीटो नावाची चांगली कंपनी २०२३ मध्ये बंद झाली. तिची मालक कंपनी व्होर्वेर्कने किमान पाच वर्षं क्लाउड चालू ठेवायचं आश्वासन दिलं होतं, २०२५ मध्येच ते गुंडाळलं. रोबो आता अंगावरच्या बटणाने झाडतो. खोली निवडणं, वेळ लावणं, नकाशा, सगळं गेलं.

काही ठरावीक मॉडेलांवर व्हॅलेटुडो नावाचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बसतं, मग नकाशाही घरातच राहतो. मात्र ते बसवताना कव्हर उघडून तारा जोडायची वेळ येऊ शकते, हमी जाते, आणि यादीबाहेरच्या मॉडेलवर प्रयोग करू नका. एवढी उठाठेव नको असेल तर अ‍ॅप न टाकता, खोक्यातून काढल्या काढल्या बटण दाबून अख्खी खोली झाडतो का आणि आपण होऊन चार्जिंगला परत जातो का, तेवढं बघा. काही रोबो आधी खातं उघडल्याशिवाय जागचे हलत नाहीत, ते लगेच कळेल.

*

वाचनमात्र

बटणं दोन आहेत, झाडायला एक आणि परत पाठवायला एक. उघडून बघायला दुकानदार तयार नाही, परत घ्यायला तयार आहे. शनिवारी आणतो, मग इथेच लिहितो.

*

अनवट

वाचनखूण साठवली आहे. आणि गादी आमची कापसाचीच आहे.